सुटेल त्या गाडीचा फलाट

३ नोव्हेंबर, सोमवार

निवृत्त होताना स्टँडवरून मी दोनच वस्तू घरी आणल्या. एक शिट्टी आणि एक कोरं लॉगबुक. शिट्टी माझ्या बायकोने, केशरने, पिठाच्या डब्यामागे टाकली आहे, कारण मी ती घरात वाजवतो असं तिचं म्हणणं. लॉगबुक आज उघडलं. एकतीस वर्षं लोकांच्या बसगाड्या कधी आल्या नि कधी सुटल्या ते लिहिलं. आता स्वतःच्या गाडीवर अन्याय होत असताना हाताची घडी घालून बसणं मला जमायचं नाही. प्रकरण उद्या कोर्टात गेलं तर लेखी पुरावा असलेला बरा.

प्रकरण असं आहे. आमच्या जोयडा गावात अपार्टमेंट म्हणावी अशी इमारत ही एकच. खाली गणपती मास्तर आणि एक कायम कुलूप लावलेलं घर. वर आम्ही, आणि समोरच्या दारात मारुती. गाडी उभी करायला छपराखाली जागा एकच, आणि ती आम्हा वरच्या दोघांच्या खरेदीखतात 'समाईक' म्हणून लिहिलेली आहे. बांधणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, आपसात बघून घ्या. त्या माणसाने आयुष्यात कधी फलाट सांभाळलेला नसणार.

छपराचा एवढा सोस कशाला, असं बाहेरचा माणूस विचारेल. त्याने इथली माकडं बघावीत. अंगणातल्या फणसावर बारा-पंधरांचं बिऱ्हाड आहे. गाडी उघड्यावर ठेवली की आरशात स्वतःचं तोंड बघतात, आणि आवडलं नाही की आरसा मोडतात.

माझी गाडी पांढरी आहे, मार्चमध्ये घेतली. तेव्हापासून छपराखाली आहे. मागच्या बंपरला पोचा आहे. तो मारुतीच्या जीपने पडला असं मी सगळ्यांना सांगितलं आहे.

मारुती रामनगरकडचा. दिग्गीच्या वाटेवर जीप मारतो. उंच, आडवा, आणि बोलायला गोड. असल्या माणसांपासून सावध राहावं.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी माकडांनी मारुतीच्या जीपचा वायपर उपटला आणि फणसावर नेऊन त्याने पाठ खाजवत बसली. मी गॅलरीतून पाहिलं. मला आनंद झाला असं नाही, पण चहा दोन कप प्यालो.

मारुती वर आला. आवाज चढवला नाही, हे कबूल करतो. म्हणाला, "कंट्रोलर, तुमची गाडी आठ म्हयने जाग्यावरनं हलली न्हाई. देवळात मूर्ती बशिवल्यावानी बशिवलीया. मी दिवसाला चार फेऱ्या मारतोय, माझी जीप उन्हात आनि माकडांत. बघा जरा."

मी त्याला सांगितलं की माझी गाडी हलावी की न हलावी हा माझा खासगी प्रश्न आहे. तो मान हलवून गेला. त्याची बायको सावित्री दारात उभी होती. तिने केशरकडे पाहिलं, केशरने तिच्याकडे. बायकांचं काय, त्या नुसत्या बघतात.

जेवताना केशरने पुन्हा दिग्गीचा विषय काढला. तिची आई पुतळीमामी दिग्गीला एकटी असते. दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू पिकला आहे. दांडेलीच्या दवाखान्याने ऑपरेशनला एक डिसेंबर ही तारीख दिली आहे, आणि डॉक्टर म्हणाले आहेत की ही तारीख चुकली तर पुढे फारसा उपयोग नाही. अडचण एवढीच की मामी जीपला तयार नाही. चौदा माणसांत कोंबून बसलं की तिला उलट्या होतात. शिवाय गाडी घेतली तेव्हा मी तिला शब्द दिला होता, की मामी, तुम्हाला याच गाडीतून डॉक्टरकडे नेणार. तेव्हापासून म्हातारी हट्टाला पेटली आहे. जावयाच्या गाडीतून उतरीन, नाहीतर आंधळीच बरी.

मी केशरला समजावलं की गाडी एकदा बाहेर काढली की जीप आत घुसेल, आणि मग जागा गेलीच समज. तिने स्टूल ओढलं, वर चढली, फळीवरची लोणच्याची बरणी काढली आणि माझ्यापुढे जरा जोरात ठेवली. तिचा हात त्या फळीला स्टुलाशिवाय पोचत नाही. मला सांगितलं असतं तर मी काढून दिली असती.

९ नोव्हेंबर, रविवार

गणपती मास्तरांच्या घरी बैठक. मास्तरांकडे फक्त सायकल आहे, म्हणून त्यांना पंच केलं. ते म्हणाले, भांडता कशाला, कंट्रोलरसाहेबांचं आयुष्य वेळापत्रकं करण्यात गेलं, त्यांनीच एक करून द्यावं, दोघांनी सह्या कराव्यात. मारुती लगेच हो म्हणाला. शत्रू आपणहून गळ्यात घंटा बांधून घेतो तो हा असा.

रात्री नाही, आत्ताच बसतो. पट्टी कुठे आहे?

१० नोव्हेंबर, सोमवार

वेळापत्रक तयार. स्वतःची स्तुती करू नये, पण जोयडा स्टँडलाही इतकं स्वच्छ वेळापत्रक कधी लागलं नव्हतं. आगमन, निर्गमन, चालक, शेरा, असे चार रकाने. कलमं नऊ. त्यातलं चौथं कलम म्हणजे माझ्या नोकरीचा अर्क: 'जी गाडी सलग सात दिवस सुटणार नाही, तिचा फलाटावरील हक्क संपेल.' स्टँडवर मी हा नियम एकतीस वर्षं पाळला. बिघडलेली बस फलाट अडवून उभी राहिली की ढकलून बाहेर. सुटेल त्या गाडीचा फलाट, हे वाक्य मी नव्या ड्रायव्हरांना पाठ करायला लावत असे.

कलम मारुतीसाठीच घातलं आहे. त्याची जीप जुनी आहे. दर दोन महिन्यांनी आठ-आठ दिवस गॅरेजात पडते.

मारुतीने वाचलं, चौथ्या कलमावर बोट ठेवून थोडा थांबला, आणि हसत सही केली. मास्तरांनी साक्षीदार म्हणून सही केली. केशरनेही वाचलं. तिला वेळापत्रकात एवढा रस पहिल्यांदाच पाहिला. चौथं कलम तिने दोनदा वाचलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

किरकोळ नोंदी.

गाडीखाली जमिनीवर काळं ऑईल सांडलेलं दिसलं. नवीन गाडी गळते म्हणजे काय! वाकून पाहिलं, गाडी खालून कोरडी.

केशर कालच सावित्रीबरोबर दांडेलीला चष्म्याचा नंबर काढायला गेली होती. चष्मा न घेता आली. फोटो मात्र काढून आली, पासपोर्टच्या मापाचे, चार प्रती. म्हटलं हे कशाला? म्हणाली, असू देत.

आज तिची डावी पोटरी दुखते आहे. खोबरेल तेल लावून दिलं. जिना चढून होतं तसं.

मी रोज साडेनऊ ते साडेबारा स्टँडवर जातो. शिवानंद, माझ्या जागी आलेला नवा कंट्रोलर, माणूस सज्जन आहे पण त्याला अनुभव नाही, म्हणून मी जवळ असलेला बरा. हल्ली तो दहाच्या ठोक्याला मला आत केबिनमध्ये चहाला बोलावतो. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवतो, म्हणतो बाहेरची धूळ तोंडावर येते. इतका मान मला नोकरीतही मिळाला नव्हता.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहाटे जाग आली ती चौथ्या कलमाने. आज सातवा दिवस.

जीप रोज सुटते आहे. न सुटणारी गाडी कोणती, हे मी वेळापत्रक करताना पाहिलंच नव्हतं. एकतीस वर्षं मी नियम दुसऱ्यांना लावत आलो, त्यामुळे नियम आपल्यालाही लागतो ही सवय राहिली नाही.

हे लॉगबुक कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहून टाकतो. मला गाडीची भीती वाटते. लायसन्स आहे, रीतसर परीक्षा दिली आहे. मार्चमध्ये चार वेळा गाडी चालवली. पाचव्यांदा मागे घेताना पाय चुकला आणि अंगणातलं तुळशी वृंदावन आडवं झालं. दुपारची वेळ, कोणी नव्हतं. केशर मात्र गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने ते पाहिलं की नाही हे मी आजवर विचारलेलं नाही. वृंदावन माकडांनी पाडलं आणि बंपर जीपने ठोकला, असं मी जाहीर केलं. सावित्री तेव्हापासून तुळस रंगाच्या जुन्या बादलीत लावते. यंदा तुळशीचं लग्नही बादलीतच लागलं. मी अक्षता टाकल्या, पण नजर वर केली नाही.

तेव्हापासून किल्ली हातात घेतली की तळहाताला घाम येतो. माणूस बसच्या आवाजात आयुष्य काढतो, आणि बस चालवणारा दुसराच असतो, हे विसरतो.

असो. सकाळी सहाला खाली गेलो. हँडब्रेक सोडला, दार उघडं ठेवून खांदा लावला आणि गाडी दहा पावलं ढकलत अंगणाबाहेर नेली. मग पुन्हा आत. वीस मिनिटं लागली, कंबर गेली. फणसावरची माकडं ओळीने बसून बघत होती. नोंद केली: निर्गमन ६.०५, आगमन ६.२५, चालक: स्वतः.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मारुतीने हरकत घेतली. मास्तरांनी निकाल दिला: सुटणं म्हणजे इंजिन चालू होऊन गाडी गावच्या वेशीबाहेर जाणं. ढकलणं हे सुटणं नव्हे. पुढच्या रविवारपर्यंत मुदत. नाही सुटली तर छपराखाली जीप.

एक डिसेंबरला चौदा दिवस आहेत. केशरने आज दिग्गीचं नाव काढलं नाही. तिने काढलं असतं तर बरं वाटलं असतं. ती गप्प बसली की मला माझाच राग येतो, आणि मग मी मारुतीवर रागावतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

खळबळजनक.

हिंमत करून आज गाडीत बसलो. चालवायला नव्हे, नुसता बसायला. गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट पुढे ओढलेली आहे! मी ती शेवटपर्यंत मागे ठेवली होती. पायाशी हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला. डिकीत लाल माती. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, मार्चमध्ये मी गाडी ठेवली तेव्हा आकडा एकशे सहा किलोमीटर होता, हे मी लिहून ठेवलं आहे. आज तीनशे अठरा.

गाडी चालते आहे. माझ्या नकळत. रोज.

मी स्टँडवर असतो त्या वेळात मारुती माझी गाडी नेतो, हे उघड आहे. बांगडीवरून दिसतं की बाया भरतो. पण सीट पुढे का? मारुती सहा फुटी आहे. म्हणजे त्याचा कोणी बुटका साथीदार आहे.

केशरला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता तिचा हात थांबला. म्हणाली, "मग पोलिसांत जातासा काय?" मी म्हटलं, अजून पुरावा जमवतो. ती म्हणाली, जमवा. भाकरी करपली. इतक्या वर्षांत तिची भाकरी करपलेली मी पाहिली नव्हती. बिचारी घाबरली आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल मागच्या चाकावर आणि खालच्या फरशीवर खडूने एकच सरळ रेघ मारली. आज रेघ जुळत नाही. चाकावरची रेघ वर आहे. फरशीवरची तर पुसलीच आहे, तिच्यावर जीपच्या टायरचा ठसा. म्हणजे गाडी बाहेर असताना जीप आत येऊन उभी राहते, वरून ऑईलही सांडते. चोरीही करायची आणि फलाटही वापरायचा!

सायंकाळी केशरबरोबर बाजारातून येताना एक बस चढावर धापा टाकत होती. केशर पुटपुटली, दुसरा टाकायला पायजे हुता. मी म्हटलं, काय? म्हणाली, काय न्हाई.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज सुनावणी. सविस्तर लिहितो.

मास्तरांच्या घरी आम्ही पाचजण. मास्तरांनी विचारलं, "कंट्रोलर, गाडी सुटली काय?"

रात्रभर विचार केला होता. चोरीचा आरोप केला तर मास्तर विचारणार, तुमची गाडी तुम्ही का चालवत नाही? आणि गाडी सुटली नाही म्हटलं तर जागा जाणार. मग मला एक तोड सुचली. आकडा तर खोटं बोलत नाही! मी म्हटलं, गाडी सुटली, रोज सुटते, किलोमीटर बघा. सगळे खाली आलो. मास्तरांनी चष्मा लावून आकडा वाचला. तीनशे सत्तर.

"कोन चालवलं?" मास्तरांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

सावित्रीने पदर तोंडाला लावला. मारुती वाकून स्वतःच्या चपलेकडे बघू लागला. मास्तर खोकले. मला वाटतं माझ्या निश्चयाचा त्यांच्यावर परिणाम झाला. मास्तरांनी केशरला विचारलं, "अक्का, खरं?"

केशर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गाडी गेल्ती, हे खरं हाय."

"मग संपलं," मारुती म्हणाला. "गाडी सुटती, फलाट त्यांचा."

जिंकलो. पण मी खोटं बोललो हे मारुतीला ठाऊक आहे, कारण गाडी त्यानेच नेली. तो एका शब्दात मला उघडं पाडू शकला असता. का नाही पाडलं? चोर इतका भला कसा वागतो, हे मला उमगत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दहाचा ठोका पडला. शिवानंद म्हणाला, मामा, आत या, चहा. मी म्हटलं, आज नको. म्हणाला, भजी मागवलीत. म्हटलं, नको. मग त्याने माझा दंड धरला. माणूस भज्यांसाठी इतका जोर करत नाही. मी हात सोडवून रस्त्यावर येऊन उभा राहिलो.

माझी गाडी आली.

वळणावरून हळू आली, डावीकडचा दिवा लुकलुकत. मारुती डाव्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसला होता. स्टिअरिंगवर केशर. मान ताठ, ओठ मिटलेले, पदर खोचलेला, पाठीमागे उशी. काचेवर लाल अक्षरात शिकाऊचा एल.

त्याच वेळी स्टँडमधून बस मागे येत होती. मी काय करावं? एकतीस वर्षांचा हात वर गेला. बस थांबवली, आणि दुसऱ्या हाताने केशरला पुढे जा अशी खूण केली. तिने मला पाहिलं. गाडी बंद पडेल असं मला वाटलं. नाही पडली. गिअर बदलला आणि गेली. बसचा ड्रायव्हर म्हणाला, "मावशी चांगलं चालवत्यात, रोज बघतोय." म्हणजे सगळ्या जोयड्याला ठाऊक होतं.

मी केबिनमध्ये गेलो, भिंतीकडे तोंड करून बसलो आणि गार झालेला चहा प्यालो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काल दिवसभर मी रुसलो. तिने जेवायला वाढलं, मी जेवलो, रुसूनच. आज दुपारी तीच बोलली.

"तुमास्नी भ्या वाटतंय, ते मला त्याच दिवशी कळलं. मी गॅलरीत हुते."

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही?

"काय सांगू? भितासा म्हनून सांगू? आनि मी शिकते म्हटलं असतं तर तुमी शिकवायला बसला असता."

मी खरंच बसलो असतो.

मग तिने सगळं सांगितलं. जीप दहा ते बारा दोन फेऱ्यांच्या मधे थांबते. तेवढा वेळ आमची गाडी बाहेर, जीप छपराखाली. मारुती शिकवणार आणि जीपला सावली मिळणार, असा सावित्रीने आणि तिने मिळून करार केला होता. कधी? मी वेळापत्रक केलं त्याच्याही आधी, पाच तारखेला, वायपर गेला त्याच दुपारी. म्हणजे आमच्या बैठका, नऊ कलमं, खडू, सुनावणी, हे सगळं चाललं होतं तेव्हा भांडण केव्हाच मिटलेलं होतं.

मला अपमान वाटला, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. तिन्ही एकदम. कोणत्या रकान्यात लिहावं?

सायंकाळी मारुती दारात आला. आत येईना. म्हणाला, "कंट्रोलर, रविवारी दिग्गीला जायला अक्का तयार हायत. पन एकट्यानं शिकाऊला गाडी न्हेता येत न्हाई. शेजारी लायसनवाला लागतोय. मला फेरी हाय."

त्याला रविवारी फेरी नसते. मी वेळापत्रक केलं आहे, मला माहीत आहे. मी म्हटलं, माझ्याकडे लायसन्स आहे. तो म्हणाला, म्हनूनच आलो.

३० नोव्हेंबर, रविवार

निर्गमन ६.४०.

पहिले दोन मैल मी डोळे मिटून होतो. मग मिटलेले डोळे लायसन्सवाल्याला शोभत नाहीत म्हणून उघडले. केशर वळणावर हॉर्न देते, चढावर आधीच गिअर उतरवते, समोर गुरं आली की थांबते आणि गुरांना घाई करत नाही. मी दोनदा सूचना केल्या. तिसऱ्यांदा तिने गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि माझ्याकडे बघत बसली. त्यानंतर केल्या नाहीत.

ओढ्यापलीकडे गाडी जात नाही. केशरचा चुलतभाऊ परशू आणि आणखी एकजण मामीला खुर्चीत बसवून ओढ्यापर्यंत घेऊन आले. मांडीवर कंदांची पिशवी घट्ट धरलेली. तिला हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं. तिने सीट चाचपली, काच चाचपली, छताला हात लावून पाहिला.

"आले बगा जावयाच्या गाडीतनं," ती म्हणाली. "शब्द पाळला तुमी."

मी काही बोलायच्या आत केशरने गाडी सुरू केली. वाटभर म्हातारी मागून बोलत होती. जावय, सावकाश चालवतासा, बरं वाटतं. जावय, खड्डा आला तरी पोटातलं पानी हाललं न्हाई. केशर समोर बघत होती. ती नाही म्हणाली नाही, मीही म्हणालो नाही. दोनदा तर 'हं' म्हणालो.

आगमन १.१५. चालकाचा रकाना मोकळा ठेवला आहे.

१ डिसेंबर, सोमवार

दांडेलीला निघालो. सुप्याच्या धरणाजवळ आलो तेव्हा मामीने विचारलं, सुपा आलं काय? मी म्हटलं, आलं. ती म्हणाली, "लगीन व्हायच्या आदी मी बाजाराला हितं चालत यायचे. दीड दिवस लागायचा. बाजार पान्याखाली गेला, आनि मी गाडीतनं चाल्ले. दिसत न्हाई ते सोडा, पन जावयानं आनलं हे मरेपत्तर सांगीन सगळ्यास्नी."

मरेपर्यंत सांगेन म्हटल्यावर मला राहवेना. पुढे दिसायला लागल्यावर तिने हे दिग्गीभर सांगावं आणि केशरने गप्प ऐकावं? म्हटलं, "मामी, गाडी मी चालवत नाही. केशर चालवते. मला येत नाही."

केशरने गिअर बदलला.

"ठावं हाय," मामी म्हणाली. "गिअर पडला की बांगड्या वाजत्यात. काल ओढ्यापासनं ऐकतीया. तुमी कवा सांगतासा त्याची वाट बगत हुते."

केशर हसायला लागली. तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. मग मामी हसली, मग मी. मागच्या लॉरीवाल्याने हॉर्न वाजवला. मी खाली उतरून त्याला हात करून पुढे काढून दिला.

३ डिसेंबर, बुधवार

काल पट्टी काढली. एका डोळ्याने मामीला स्वच्छ दिसतं. दुसरा दोन महिन्यांनी. आज दुपारी तिला काळा चष्मा लावून अंगणात आणलं. सगळे जमले होते. मारुती, सावित्री, मास्तर, फणसावर माकडं.

सावित्रीने जिन्याच्या खांबाला एक खिळा ठोकला आहे. त्यावर आता दोन्ही किल्ल्या असतात, जीपची आणि गाडीची. ज्याला निघायचं असेल त्याने दुसऱ्याची गाडी काढून ठेवायची. एवढंच. मास्तर म्हणाले, नऊ कलमांचं काम एका खिळ्याने केलं. मी मान्य केलं. चौघांत गाडी हलवता येणारे आता दोन आहेत, आणि सावित्री तिसरी होणार म्हणते. गाड्या मागे घेताना उभा राहायला कोणीतरी लागतं. शिट्टी पिठाच्या डब्यामागून परत मिळाली आहे.

मामीने गाडीभोवती फेरी मारली. नव्या डोळ्याने सगळं बघत होती. मागे आली आणि बंपरसमोर थांबली.

"ह्ये कुनी केलं?"

आठ महिने या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. सावित्री बादलीतल्या तुळशीला पाणी घालत होती, तिचा तांब्या हवेतच राहिला. मारुती माझ्याकडे बघत नव्हता. केशर बघत होती.

"मी केलं," मी म्हणालो. "तुळशीचं वृंदावनसुद्धा मीच पाडलं. माकडांनी नव्हे. जीपनेही नव्हे."

सावित्रीने उरलेलं पाणी तुळशीला घातलं. मग मारुतीने खिळ्यावरून जीपची किल्ली काढली आणि म्हणाला, "चला कंट्रोलर. दुकान पाचला बंद हुतंय."

अर्धं पोतं सिमेंट, वाळू आणि पन्नास विटा आणल्या. निर्गमन ३.५०, आगमन ४.४०. रविवारचा रकानाही भरला आहे: चालक, सौ. केशर. वृंदावन उद्या सकाळी बांधायला घेतो, फलाटापासून चांगलं बारा फूट लांब.